मदत हवी आहे: पूर्व लंडनच्या जुन्या गरीब वस्तीतली पायी सहल

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन लंडनला जातेय. राजवाडा, बिग बेन होईलच, पण बाबांना व्हिक्टोरियन काळातली ओल्ड निकोल वस्ती जिथे होती तो शोरडिचजवळचा भाग बघायचाय. (त्यांचं बालपण मुंबईच्या बीआयटी चाळीतलं, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.)

१८९० च्या दशकात लंडन काउंटी कौन्सिलने ही वस्ती पाडून बाउंड्री इस्टेट ही विटांची वसाहत बांधली. १९०० मध्ये उद्घाटन झालं. पाडकामाचा राडारोडा मधोमध रचून टेकडी केली, तीच आजची अर्नोल्ड सर्कस या गोल चौकाची बाग, वर बँडस्टँड. नवी घरं मात्र बहुतेक दुसऱ्यांनाच मिळाली, जुन्या रहिवाशांना भाडं परवडेना. पुनर्विकासाची ही गोष्ट आपल्याकडे कुणाला नवीन वाटायची नाही!

अडचण अशी की त्या भागातली बघावी ती सहल जॅक द रिपरच्या खुनांवरच घसरते. आम्हाला रक्तपात नको. घरं, भाडी, व्हिक्टोरियन समाजसंशोधक चार्ल्स बूथचे गरिबीचे रंगीत नकाशे, ब्रुन स्ट्रीटवरचं गरीब ज्यूंसाठीचं सूपगृह (दर्शनी भागावर १९०२ साल आणि सुपाचं भांडं कोरलंय) यावर नीट बोलणारा गाईड हवा.

कुणी अशी सहल केली आहे का? आईचे गुडघे दुखतात, अधेमधे बसायला मिळतं का? आणि रविवारी ब्रिक लेनच्या बाजाराच्या गर्दीत गाईडचं बोलणं ऐकू येतं, की मधला वार बरा?