यलो टँग तीन दिवसांपासून वेव्हमेकरसमोर तोंड करून उभा आहे – मदत हवी आहे

नमस्कार,

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधील यलो टँग हा पिवळा मासा गेल्या तीन दिवसांपासून वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) अगदी समोर, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि त्याचा श्वास फार जलद चालला आहे. पाण्याच्या चाचण्या व्यवस्थित येत आहेत, त्यामुळे हा आजार आहे की नव्या माशामुळे आलेला ताण आहे, हे मला ठरवता येत नाही. ते ठरल्याशिवाय त्याला पकडून दुसरीकडे हलवायचे धाडस होत नाही, कारण आधीच दमलेल्या माशाच्या जिवावर ती पकडापकडीच बेतेल, अशी भीती वाटते.

टँक 400 लिटरचा असून दोन वर्षांपासून चालू आहे. त्यात ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, हा यलो टँग, दोन क्लीनर श्रिंप आणि थोडे मऊ प्रवाळ आहेत. नऊ दिवसांपूर्वी एक लहान ब्लू टँग आणला आणि क्वारंटाइनमध्ये न ठेवता, केवळ तासभर थेंबाथेंबाने पाण्याची सवय करून, थेट मुख्य टँकमध्ये सोडला. ही चूक माझीच आहे आणि तिचे मला फार वाईट वाटते आहे.

आजचे आकडे असे आहेत: तापमान 26 अंश सेल्सियस, विशिष्ट गुरुत्व 1.025, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 10 पीपीएम, पीएच 8.2. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजण्याचे उपकरण) साध्या पाण्याने नव्हे, तर 35 पीपीटीच्या प्रमाण द्रावणाने जुळवून घेतलेला आहे.

श्वासाची गती नजरेने मोजता येईना, म्हणून मी पंधरा सेकंदांची चित्रफीत घेतली आणि ती संथ गतीने लावून कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप मोजली. मिनिटाला सुमारे 130 भरली. महिन्यापूर्वी सहज काढलेल्या एका चित्रफितीत याच माशाची गती 80 च्या आसपास होती. नीट पाहिल्यावर असेही दिसले की मधूनच एका बाजूचे झाकण मिटलेले राहते आणि केवळ दुसऱ्या बाजूने श्वास चालतो. पांढरा दिवा लागताच तो खडकाच्या सावलीत शिरतो आणि दिवा मंद झाला की पुन्हा प्रवाहासमोर येतो. काल दोनदा त्याने खडकाला अंग घासले. कालपर्यंत तो नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) खात होता. आज जवळ आला, एक तुकडा तोंडात घेतला आणि टाकून दिला. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पर फाटलेले नाहीत आणि रंगही फिकट झालेला नाही.

पहिले दोन दिवस दोन्ही टँग एकमेकांना आडवे होऊन शेपटीच्या बुडाशी असलेला काटा दाखवत होते, त्यामुळे माझा पहिला संशय भांडणावरच होता. आता मात्र ते थांबले आहे आणि घाबरलेला मासा कपारीत लपेल, असा उघड्यावर प्रवाहात उभा राहणार नाही, असे मला वाटते. प्राणवायू कमी पडत असेल म्हणून वेव्हमेकरचे तोंड वर करून पृष्ठभाग चांगला ढवळता ठेवला आहे. रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असल्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून एकदा पहाटे उठून पाहिले. तेव्हाही त्याची अवस्था संध्याकाळसारखीच होती आणि क्लाउनफिश मात्र शांतपणे श्वास घेत होते.

अंगावर काहीही दिसत नसताना केवळ या वागण्यावरून त्याला बाहेर काढावे का, आणि काढायचे झाल्यास आधी गोड्या पाण्याची आंघोळ द्यावी की थेट परजीवी मारणारे तांब्याचे औषध सुरू करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण वागणे इतके बारकाईने टिपले आहे की त्यावरून बरेच सांगता येईल. प्रवाहात तोंड धरून उभे राहणे, उजेड टाळणे आणि जलद श्वास ही तीन लक्षणे एकत्र दिसली की मी सर्वप्रथम मरीन व्हेल्वेटचा, म्हणजे अमायलूडिनियम या परजीवीचा विचार करतो. तो बहुधा आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे त्वचेवर काही दिसण्याआधीच माशाचा श्वास कोंडू लागतो आणि जोराच्या प्रवाहात कल्ल्यांतून पाणी कमी कष्टात जाते म्हणून तो तिथे थांबतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनमध्ये, मोजता येतील असे मिठाच्या कणांसारखे दाणे दिसतात. व्हेल्वेटमध्ये अंगावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखी झाक असते. पिवळ्या माशावर ती झाक जवळजवळ दिसतच नाही. म्हणून आज रात्री टँकचे दिवे बंद करून एका बाजूने तिरपा टॉर्च धरा आणि यलो टँगऐवजी ब्लू टँगची गडद पाठ पाहा.

कल्ल्यांवरील फ्लूक, म्हणजे चपटे कृमी, यांचाही संशय घेतला पाहिजे, कारण एका बाजूने श्वास घेणे त्यांच्यातही आढळते. गोड्या पाण्याची आंघोळ तिथे उपयोगी पडते. पाण्याचे तापमान आणि पीएच टँकइतकाच ठेवा, हवा सोडत राहा आणि पाच मिनिटे माशावरून नजर हटवू नका. त्वचेवर फ्लूक असतील तर ते पांढरे पडून तळाशी गळतात. व्हेल्वेट मात्र या आंघोळीने बरा होत नाही, थोडा आराम तेवढा पडतो.

ठिपके दिसण्याची वाट पाहू नका. व्हेल्वेटमध्ये काही दिवसांतच सगळा टँक रिकामा होऊ शकतो आणि त्या तुलनेत पकडण्याचा ताण मी नक्कीच पत्करेन.

प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे. प्रत्येक विचित्र वागणे म्हणजे आजार नव्हे, हे मी नवीन मंडळींना नेहमी सांगतो: रॉयल ग्रामा कपारीच्या छताला उलटा टेकून राहतो, क्लाउनफिश रात्री आडवा होऊन झोपतो, यलो टँगच्या अंगावर रात्री फिकट पट्टा उमटतो, आणि हे सारे निरोगी माशांचे वागणे आहे. परंतु त्यांपैकी कशातही श्वास वाढत नाही. 80 वरून 130 ही वाढ मी सवयीच्या खात्यात टाकणार नाही.

तांबे वापरताना उपचाराच्या टँकमध्ये खडक आणि वाळू ठेवू नका, कारण ती तांबे शोषून घेतात. लपायला प्लास्टिकचे पाइप पुरेत. कीलेटेड (दुसऱ्या रेणूशी बांधलेल्या) तांब्याची मात्रा सावकाश वाढवत 2 ते 2.5 पीपीएमपर्यंत न्या आणि त्याच प्रकारच्या तांब्यासाठी असलेल्या चाचणीनेच ती रोज मोजा. अमोनिया निष्प्रभ करणारी काही रसायने तांब्याबरोबर घातक ठरतात, म्हणून अमोनिया वाढल्यास पाणी बदलणेच योग्य. श्रिंप आणि प्रवाळ मुख्य टँकमध्येच राहू द्या, तांबे त्यांना मारते. दोन्ही टँकमध्ये किमान 3 मीटर अंतर ठेवा, कारण व्हेल्वेट हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतूनही पसरू शकतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. रात्री अकरा वाजता तिरपा टॉर्च धरला आणि ब्लू टँगच्या पाठीवर, परापासून डोक्यापर्यंत, राखाडी-सोनेरी धूळ स्पष्ट दिसली. यलो टँगवर नंतरही मला काही दिसले नाही. तो नेहमीच्या कपारीत झोपला होता. जाळीत काटा अडकेल म्हणून जाळीने केवळ हाकलून त्याला पारदर्शक डब्यात घेतले. दोन मिनिटेही लागली नाहीत. ब्लू टँगही तसाच मिळाला. दोघांना आंघोळ दिली, तळाशी फ्लूक आढळले नाहीत, आणि तांब्याची पहिली मात्रा सुरू केली आहे. आज सकाळी यलो टँगची गती 115 भरली.

क्लाउनफिश अजून नीट खात आहेत. त्यांनाही बाहेर काढणे भाग आहे का, आणि मुख्य टँक किती दिवस माशांविना ठेवावा?

प्रतिसाद

हो, एकही मासा मागे ठेवू नका. निरोगी दिसणाऱ्या एका माशावरही परजीवी तग धरून राहतो आणि मग उपचार करून परत सोडलेले मासे पुन्हा आजारी पडतात. ग्रामा सर्वांत कठीण जाईल. तो ज्या खडकात शिरतो तो खडक त्याच्यासह अलगद उचलून बादलीवर धरा, बहुधा तो त्यातून खाली उतरतो. माशांविना टँकमधला व्हेल्वेट मरून जाण्यासाठी सहा आठवडे पुरतात. सोबत क्रिप्टोकॅरिऑनही आला असण्याची शक्यता गृहीत धरून मी मात्र 76 दिवस थांबेन. त्या काळात श्रिंपना थोडे खाद्य देत राहा.