'बून' म्हणजे वरदान, मग 'बून कम्पॅनियन' म्हणजे काय?

प्रश्न: एखादी सोय फार उपयोगी पडली की इंग्रजीत तिला 'बून' म्हणतात. हा शब्द फ्रेंच 'बाँ' म्हणजे 'चांगला' यावरून आला का? 'बून कम्पॅनियन'चं भाषांतर 'वरदान ठरलेला सोबती' असं चालेल का? आणि पुढे 'टू' लावायचं की 'फॉर'?

प्रतिसाद 1: उच्चार एकच असला तरी शब्द दोन आहेत. तुमचं नाम नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतलं. तिथे 'बोन' म्हणजे विनंती, याचना. 9व्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांचे शेकडो शब्द इंग्रजीत रुळले, त्यांतलाच हा. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ होता प्रार्थना. मग मागणं, मागितलेली गोष्ट, मिळालेली कृपा असा तो सरकत गेला आणि शेवटी न मागता लाभलेल्या सोयीलाही लागू झाला. डॅनिश आणि स्वीडिशमधले त्याचे भाऊबंद मात्र आजही 'प्रार्थना' याच अर्थाचे आहेत.

प्रतिसाद 2: 'बून कम्पॅनियन'मधलं विशेषण मात्र खरंच फ्रेंच 'बाँ'चं. खाण्यापिण्यात, मौजमजेत साथ देणारा यार, हा मूळ अर्थ. आता 'जिवलग दोस्त' असाही वापरतात. 'वरदान' घातलंत तर वाक्याचा अर्थच बदलेल.

प्रतिसाद 3: 'मागणं' हा जुना अर्थ 'बून-वर्क'मध्ये स्पष्ट दिसतो. मध्ययुगीन इंग्लंडात कुळांना जमीनदाराच्या शेतावर दर आठवड्याला ठरलेलं काम करावं लागे. कापणीच्या हंगामात त्यावर आणखी काही दिवस राबावं लागे, तेच हे काम. नावापुरती जमीनदाराची विनंती, प्रत्यक्षात बंधन. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी जेवण मिळे. लॅटिन दप्तरांत यालाच 'प्रिकारिया' म्हटलंय. त्याचंही मूळ 'विनवणे' हेच. म्हणून जुन्या दस्तऐवजात 'बून' दिसला की 'वरदान' लिहू नका, संदर्भ बघा.

प्रतिसाद 4: 'टू' आणि 'फॉर' दोन्ही बरोबर. आधी 'अ' हवा, कारण नाम मोजता येणारं आहे. 'इट इज बून' हे चूक. आजच्या अर्थाने शब्द बहुधा वस्तू, सोय, निर्णय यांना लावतात, माणसाला क्वचित. 'ग्रँट अ बून' म्हणजे वर देणे. पुराणकथांच्या इंग्रजी भाषांतरांत हे सर्रास सापडतं. 'बेनिफिट'शी याचा संबंध नाही, तो लॅटिन. 'बून ऑर बेन' (वरदान की शाप) या जोडीतला 'बेन'ही वेगळाच: जुन्या इंग्रजीत 'बाना' म्हणजे मारेकरी.