ढगाळ हवेत पोर्ट्रेट: रिफ्लेक्टरची कुठली बाजू, केवढा आणि कुठे धरायचा?

छायाप्रकाश:
जुलैत ताम्हिणीच्या बाजूला प्री-वेडिंगचं काम आहे, म्हणजे आकाश भरलेलंच धरून चाला. फुल फ्रेम बॉडी, ८५ मिमी लेन्स, ८० सेंमीचा फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर (उजेड परतवणारं गोल कापड, पांढरी, चंदेरी, सोनेरी, काळी अशा बदलत्या बाजूंचं), मदतीला एक जण. पांढरी बाजू गालाशेजारी उभी धरली तर फरक दिसत नाही, डोळ्यांखालचं काळं तसंच राहतं. सोनेरी धरली तर लग्नाआधीच हळद लागते. मोठा रिफ्लेक्टर घ्यावा, की हे सोडून फ्लॅशच न्यावा?

तिपाई:
खरेदी नंतर, आधी धरायची जागा बदला. जाड ढगांनी झाकलेलं आकाश डोक्यावर जितकं उजळ असतं, त्याच्या साधारण एक तृतीयांशच क्षितिजाजवळ असतं. उजेड वरून येतो, म्हणून भुवयांखाली आणि हनुवटीखाली सावली. अशा आकाशाखाली उभ्या धरलेल्या कापडावर आडव्याच्या निम्म्याहूनही कमी उजेड पडतो. त्यातला बराचसा पांढरं कापड चहूकडे उधळून टाकतं, मग चेहऱ्याच्या वाट्याला उरणार काय?

रिफ्लेक्टर जवळजवळ आडवा धरा. मुलीच्या समोर, पोटाच्या उंचीवर, चेहऱ्यापासून दोन-अडीच फूट, फ्रेमच्या लगेच खाली. कॅमेऱ्याकडची कड १५-२० अंश वर उचललेली. आणि चंदेरी बाजू वापरा. उन्हात चंदेरी टोचते, कारण तिच्यात सूर्य दिसतो. ढगाळ हवेत तिच्यात आकाशाचा मोठा तुकडा दिसतो, म्हणून उजेड मऊच राहतो आणि पांढऱ्यापेक्षा बराच जास्त मिळतो. उन्हाळ्यात शिकलेला ‘चंदेरी नको’ हा नियम इथे लागू नाही.

कोन बरोबर आहे का ते मॉडेललाच विचारा. तिने नजर खाली केली की रिफ्लेक्टरमध्ये पांढरे ढग दिसायला हवेत. झाड किंवा मदतनिसाचा लाल रेनकोट दिसत असेल तर तोच रंग हनुवटीवर येणार. फार उभा केलात तर तिचंच डोकं उजेडाच्या वाटेत येतं.

सावलीत उजेड किती भरायचा? स्पॉट मीटरने (कॅमेऱ्यातलं छोट्या जागेचा उजेड मोजणारं मीटर) कपाळ आणि डोळ्याखालची जागा मोजा. दोन्हींत पाऊण ते एक स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक राहू द्या. हनुवटीची खालची बाजू गालापेक्षा उजळ झाली की चेहरा भुताटकीच्या सिनेमातला दिसतो. मग रिफ्लेक्टर अर्धा फूट मागे घ्या किंवा पांढरी बाजू लावा. चंदेरीत तेलकट त्वचा लगेच चमकते, टिश्यू हाताशी असू द्या. चष्मा असेल तर काचेत खालून पांढरा पट्टा येतो. रिफ्लेक्टर थोडा बाजूला सरकवला की जातो.

८० सेंमी एका चेहऱ्याला पुरतो. दोघांना कमरेपर्यंत घ्यायचं तर ११० सेंमी गोल किंवा १०० बाय १५० लंबगोल हवा. बुटक्या व्यक्तीचा चेहरा रिफ्लेक्टरच्या जवळ असतो, म्हणून केंद्र उंच व्यक्तीकडे वळवा. पूर्ण उंचीच्या फोटोत रिफ्लेक्टर इतका लांब जातो की धरणाऱ्याचे हात दुखण्यापलीकडे काही होत नाही.

आरसेमहाल:
सोनेरीबद्दल. ढगाळ उजेड साधारण ६५००-७००० केल्विन, म्हणजे निळसर. सोनेरीने फक्त सावल्या पिवळ्या होतात, कपाळ निळसरच राहतं, आणि एकाच व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सेटिंग) दोन्ही सुटत नाहीत. फारच ऊब हवी तर चंदेरी-सोनेरी पट्ट्यांचं कापड मिळतं. त्यापेक्षा एडिटिंगमध्ये सगळी फ्रेम थोडी उबदार केलेली बरी.

जुलैत खरा त्रास हिरव्याचा. गवतात उभं केलं की गळ्याखाली हिरवी छटा येते. रिफ्लेक्टर खालून धरला की तो ती काही प्रमाणात अडवतोसुद्धा. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा. रिफ्लेक्टर जागेवर आल्यावर ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) चेहऱ्याशी धरून रीडिंग घ्या, आधी नको.

एक्स्पोजरसाठी जाड ढगांत अॅपर्चर एफ/२.८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ १००-२०० पासून सुरू करा. दोघे एका रेषेत नसतील तर एफ/४.

काळीपांढरी:
काळी बाजू कुणीच काढली नाही! ढगाळ हवेत चेहरा सपाट दिसतो, कारण दोन्ही गालांवर सारखाच उजेड. एका गालापासून फूटभर अंतरावर काळी बाजू उभी धरा. तो गाल पाऊण स्टॉप उतरतो आणि नाक, गालफड उठून दिसतं. उभा धरलेला रिफ्लेक्टर इथे कामाला येतो.

दुसरं, वरचा उजेडच कापा. देवळाचा मंडप किंवा चहाच्या टपरीचं छप्पर शोधा, कडेपासून तीन-चार फूट आत उभं करा, तोंड मोकळ्या आकाशाकडे. उजेड समोरून येतो आणि बऱ्याचदा रिफ्लेक्टर पिशवीतच राहतो. छप्पर नसेल तर काळी छत्री डोक्यावर, फ्रेमच्या बाहेर. लाल-पिवळी छत्री फोटोत छान दिसते, पण तिचा रंग केसांवर आणि खांद्यावर उतरतो.

छायाप्रकाश:
कळलं, ११० घेतो. घाटातल्या वाऱ्याचं काय? आणि रिफ्लेक्टरऐवजी थर्माकोल चालेल का?

तिपाई:
थर्माकोल वाऱ्यात मोडतो. पाच मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका, कडक बोर्ड) घ्या, दोन बाय तीन फूट. एका बाजूला चुरगाळून सपाट केलेली अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा. चुरगाळल्याशिवाय लावली तर चेहऱ्यावर उजेडाचे ठिपके पडतात. कापडी रिफ्लेक्टर वाऱ्यात शीड होतो, स्टँडला लावून सोडू नका, वाळूची पिशवी असली तरी. मदतनिसाने गुडघ्यावर बसून, खालची कड मांडीला टेकवून दोन्ही हातांनी धरावा.

आरसेमहाल:
फ्लॅश न्यायला हरकत नाही, पण सॉफ्टबॉक्सलाही (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) हाच वारा लागतो, वर पावसाचं पाणी. आणि घरी आल्यावर ओला रिफ्लेक्टर घडी करून ठेवू नका. बुरशी येते, चंदेरी थर सुटतो. पंख्याखाली रात्रभर उघडा ठेवा.