कोसंबींकडे पाहा

'१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला, तिथेच मार्क्स संपला' असं जे म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. आपल्या गोव्यातल्या कोसबेंत जन्मलेल्या मार्क्सवादी इतिहासकार दा. ध. कोसंबींचंच घ्या. १९५६ च्या इतिहासग्रंथात राजांच्या वंशावळी बाजूला सारून त्यांनी नांगर, जमीन, उत्पादनाची साधनं यांना हात घातला. गोव्याच्या गांवकरीवरही (गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था) लिहिलं. आणि मार्क्स पोथीसारखा वाचला नाही (हे फार महत्त्वाचं!), त्याची 'आशियाई उत्पादनपद्धती', म्हणजे आशियातली गावं स्वयंपूर्ण आणि साचलेली होती ही कल्पना, भारताला लागू होत नाही, असं स्पष्ट बजावलं. जमीन कोणाची, राबतो कोण, हा प्रश्न आजही जिवंत आहे. डोंगर कापून बंगले उठताहेत आणि मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहणारा माणूस, स्वतःच्या घराच्या हक्कासाठी मामलेदाराकडे खेटे घालतोय. त्याला मार्क्स कालबाह्य झाला म्हणून सांगायचं कोणत्या तोंडानं?