दशकातले आवडते सिनेमे: तेव्हाची आवड धरायची की आत्ताची?

मधलीसुट्टी:
२०१० ते २०१९ मधल्या माझ्या आवडत्या दहा सिनेमांची यादी करायला बसलोय आणि पार गोंधळ झालाय. 'द आर्टिस्ट' आला तेव्हा मी डोक्यावर घेतला होता, आज त्यातला कुत्रा सोडला तर फारसं काही आठवत नाही. उलट 'अंकल बूनमी' बघताना अक्षरशः डुलक्या काढल्या, पण जेवणाच्या टेबलावर ती मेलेली बायको हळूहळू दिसायला लागते आणि घरचे घाबरायचं सोडून तिच्याशी गप्पा मारतात, तो सीन काही डोक्यातून जात नाही. 'अ सेपरेशन' आणि 'पॅरासाइट' फिक्स आहेत, बाकी आठ जागांवर मारामारी. तुम्ही काय करता?

आळशी_प्रेक्षक:
आत्ताचीच धर. तेव्हाची आवड म्हणजे निम्मी त्या वर्षीची हवा असते. 'लाव्हेंतुरा' या इटालियन सिनेमाची १९६० ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये लोकांनी हुर्यो उडवली होती, कारण बेटावर हरवलेली बाई शेवटपर्यंत सापडतच नाही, आणि दोनच वर्षांत 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश सिनेमा-मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षकांच्या मतदानात तोच दुसरा! २०२२ ला परत पहिल्या दहात पण नाही. एवढे दिग्गज घूमजाव करतात, आपण कोण लागून गेलो.

तिसरीघंटा:
आवड बदलते वगैरे ठीक आहे रे, पण सिनेमा बघायलाच मिळत नसेल तर आवडणार कुठून? 'व्हर्टिगो'चे हक्क हिचकॉकने स्वतःकडे ठेवले होते, कितीतरी वर्षं तो कुठे लागायचाच नाही, १९८३-८४ च्या सुमारास परत थेटरात आला. मग त्याच मतदानात बघ, १९९२ ला चौथा, २००२ ला दुसरा आणि २०१२ ला थेट पहिला, जिथे त्याआधी सलग पाच मतदानं 'सिटिझन केन' ठाण मांडून होता. शिवाय मत देणारे किती आणि कोण हेही आहेच, २०१२ ला ८४६ जण होते, २०२२ ला १६३९. एवढी नवीन माणसं आली की यादी हलणारच, जुन्यांची आवड तीच राहिली तरी.

उगाचच:
आणि त्या १६३९ जणांनी पहिला नंबर दिला बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमानच्या 'जान दिएलमान'ला, १९७५ चा, तीन तास वीस मिनिटं. मी तर चिडूनच बघायला बसलो होतो. बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, कॅमेरा जागचा हलत नाही. मग दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात आणि ती ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं तेच सुचत नाही तिला, आणि राव, त्या पातेल्याचं जे टेन्शन येतं ना ते कुठल्या थ्रिलरमध्ये नाही आलं मला. पण तरी पहिला नंबर? नाही पटत. इराणी दिग्दर्शक कियारोस्तामीचा 'क्लोज-अप' माझ्या मते कितीतरी वरचा, रिकामा स्प्रेचा डबा उतारावरून घरंगळत जातोय आणि आपण तो बघत बसतो, एवढी हिंमत हवी.

मधलीसुट्टी:
@उगाचच 'क्लोज-अप' १९९० चा आहे हो, माझ्या दशकात बसत नाही 😀 बरं, 'द आर्टिस्ट' उडवला आणि 'अंकल बूनमी' आत घेतला. आता 'रोमा' ठेवू की 'मूनलाइट', एवढं सांगा. दोन्ही ठेवायचे तर 'बॉयहूड' काढावा लागतोय.

तिसरीघंटा:
काढ. बारा वर्षं शूट केलं याचंच कौतुक जास्त झालं त्याचं.