स्लो बर्न ऐतिहासिक प्रेमकथा : वाचक कशाने थांबतो, कशाने सटकतो?

कोरी_वही

रीजन्सी काळातली (इंग्लंड, १८११ ते १८२०) मराठी प्रेमकादंबरी, स्लो बर्न प्रकारातली, म्हणजे प्रेम सावकाश जुळत जाणारी. साधारण ९५,००० शब्द, ४० प्रकरणं. कथाकाळ ऑक्टोबर १८१५ ते ऑगस्ट १८१६, इंग्लंडमधलं खेडं आणि शेवटी लंडन. नायिका २३ वर्षांची. वडील वारतात, आणि एन्टेलमुळे (मालमत्ता ठरलेल्या पुरुष वारसाकडेच जाण्याची कायदेशीर अट) घर-जमीन दूरच्या नातलगाकडे जाते. तोच नायक. आई आणि धाकट्या बहिणीसह तिला घर सोडायचं आहे. पहिली भेट प्रकरण २, नाताळातला नाच प्रकरण ९, पहिलं चुंबन प्रकरण ३१, लग्न प्रकरण ४०.

खर्डा वाचणारे १४ ते २२ च्या दरम्यान गळतात. तक्रार एकच, "काही घडतच नाही". त्या पट्ट्यात घोडागाडीचा अपघात आहे, चोरी आहे, प्रतिस्पर्धी आहे, काकांचा लग्नाला विरोध आहे. मग वाचक या प्रकारात नेमका कशासाठी थांबतो? मधला भाग कशाने भरायचा? आणि चुंबन ३१ व्या प्रकरणात म्हणजे फार उशीर होतोय का?

---

शाईदौत

चुंबन जागेवर आहे, त्याला हात लावू नका. दुखणं चोरी आणि अपघातात आहे. ते घराच्या बाबतीत घडतं, या दोघांच्या मधे काहीच हलत नाही.

शेवट गोड होणार हे या प्रकारात वाचकाला मुखपृष्ठ बघूनच ठाऊक असतं. 'जमेल का?' ही उत्सुकता पहिल्या पानालाच संपलेली असते. उरते ती 'आता कुठवर आले?' ही. ते अंतर बोटभर सरकलं तरी वाचक रात्री दोनपर्यंत जागतो, आणि सरकलं नाही तर घरावर वीज पाडा, तो म्हणणार काही घडलं नाही.

तपासायची पद्धत अशी. प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ आणि चार रकाने:

एकमेकांबद्दल नवं काय कळलं
एकमेकांना काय म्हणून हाक मारतात
शरीरांमधलं अंतर (खोलीच्या दोन टोकांपासून उघड्या हातापर्यंत)
हे उघड झालं तर कोणाचं काय जाईल

प्रत्येक प्रकरणात निदान एक रकाना बदलला पाहिजे. सलग दोन प्रकरणांत चारही रकाने 'जैसे थे' असतील तर गळती तिथेच आहे. माघार चालते, किंबहुना हवीच. पण शून्यावर नेऊ नका. भांडणानंतर ती त्याच्याशी बोलणार नाही, तो जवळच्या वाचनाला चष्मा लपवून वापरतो हे मात्र तिला आता कळलेलं आहे. कळलेलं परत घेता येत नाही, म्हणून पहिला रकाना सगळ्यात भरवशाचा. मधला पट्टा मुख्यत्वे त्याच्यावर चालवा. तिसरा रकाना जपून खर्च करा, त्यात पायऱ्या मोजक्याच असतात.

मोठा स्फोट शेवटासाठी राखून ठेवायची सवय असेल तर तीही मोडा. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ६१ प्रकरणांची आहे. नायक डार्सीची लग्नाची पहिली मागणी येते ३४ व्या प्रकरणात, म्हणजे निम्म्याच्या जरासं पुढे, आणि ती फिसकटते. पुढच्याच प्रकरणात त्याचं पत्र, ४३ मध्ये त्याच्या पेम्बर्ली या घराला नायिकेची भेट, दुसरी मागणी ५८ मध्ये. मधल्या काळात दोघं फारशी भेटतही नाहीत, तरी कथा पळते, कारण पहिला रकाना पानोपानी भरत असतो. तुमच्याकडे २० ते २२ च्या आसपास असं काही तुटायला हवं. चोरी तिथून काढा. प्रतिस्पर्धी ठेवा, पण त्याच्यामुळे नायकाबद्दल काहीतरी नवं कळणार असेल तरच.

---

उंबरठा

शाईदौत यांच्याशी सहमत. मात्र चौथा रकाना काळाच्या नियमांनी भरतो, आणि तिथे आराखड्यात एक मोठी चूक दिसते.

वडील ऑक्टोबरात गेले. आईवडिलांसाठी सहा महिने ते वर्षभर शोक पाळायची रीत होती. काळे कपडे, नाचगाणं बंद. म्हणजे नाताळातला नाच बाद! ही वाईट बातमी नाही. नववं प्रकरण मोकळं झालं, उलट फायदाच आहे. दोघांना एकत्र आणायला नाचाऐवजी घरातल्या सामानाची यादी वापरा. कोणती वस्तू घराबरोबर वारसाकडे जाणार आणि कोणती कुटुंबाची, हे ठरवायला त्याला खोलीखोलीत फिरावं लागेल, माहिती देऊ शकेल अशी तीच. आई कोपऱ्यात भरतकाम करत बसलेली, शब्द सगळे कोरडे, आणि प्रत्येक वस्तूसोबत तिच्या बालपणाचा एक तुकडा त्याच्या हाती येतो. तो एखादं घड्याळ मुद्दाम चुकीच्या रकान्यात टाकतो, म्हणजे तिच्याकडे. हे तिला चार प्रकरणांनी कळतं. मधल्या पट्ट्यातली निदान पाच प्रकरणं या यादीवर निघतील.

नाच न्या जुलै १८१६ मध्ये, शोक उतरल्यावर. त्याच महिन्यात प्रिन्स रीजंटच्या (आजारी राजाच्या जागी कारभार पाहणारा युवराज) नाचात वॉल्ट्झ झाला आणि 'द टाइम्स'ने त्यावर सडकून टीका केली. म्हणजे कमरेला हात लावून नाचणं ही तेव्हा चर्चेची गोष्ट होती. तुमच्या वाचकाला ती आयती मिळते. साध्या नाचाचाही हिशोब ठेवा: एका जोडीदाराबरोबर सहसा दोन नाच सलग, जवळपास अर्धा तास. त्याच माणसाबरोबर पुन्हा पुन्हा नाचलं की कुजबुज सुरू.

नाचात दोघांच्याही हातात मोजे असतात. ते उतरतात जेवणाच्या टेबलावर किंवा पियानोवर. पहिला उघड्या हाताचा स्पर्श नाचात लिहिलात तर चुकलं. वाढताना, सुरावटीचं पान उलटताना लिहा.

पत्रं. १८४० पूर्वी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा भरायचा, आणि दर अंतरावर व कागदांच्या संख्येवर. लिफाफा म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पत्राचाच कागद दुमडून लाखेने बंद करत. लिफाफा फाडण्याचा, तिकीट बघण्याचा प्रसंग असेल तर काढून टाका. पैसे घरातलं मोठं माणूस देतं, म्हणजे पत्र आलेलं सगळ्या घराला कळतं. त्यात लग्न ठरलेलं नसताना तरुण-तरुणींनी एकमेकांना लिहिणं म्हणजे लग्न ठरल्यासारखंच धरलं जाई. डार्सी पत्र टपालात न टाकता हातात देतो ते उगीच नाही.

काकांचा विरोध: १७५३ च्या विवाह कायद्यात पालकांच्या संमतीचा मुद्दा २१ वर्षांखालच्यांसाठी आहे. तुमची नायिका २३ ची. काका फार तर पैसे अडवतील, लग्न अडवू शकत नाहीत. हाच अडथळा ठेवायचा तर वय १९-२० करा, नाहीतर विरोधाचं कारण पैशांत आणा. खास परवाना नसेल तर लग्नाचा प्रसंग सकाळी ८ ते १२ च्या आत हवा. संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात चर्चमध्ये लग्न दाखवणाऱ्या कादंबऱ्या ढिगाने आहेत, बहुतेक चूक.

आणि हवामान. एप्रिल १८१५ मध्ये तंबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ चा उन्हाळा इंग्लंडात थंड, पावसाळी गेला. जूनमधली कोवळ्या उन्हातली बागफेरी रद्द. पण सततच्या पावसामुळे पाहुणे घरात अडकतात, रस्ते चिखलाने बंद पडतात; लेखकाला आणखी काय हवं?

एक सावधगिरी मात्र घ्या. नियम खरे असतील तेवढेच कडक ठेवा. 'दोघं पाच मिनिटं एकटे दिसले, आता लग्न करावंच लागेल' हे कादंबऱ्यांनी फुगवलेलं आहे. उघड्या गाडीतून दोघांनी फेरी मारणं चालत असे, खेड्यात चालत फिरणंही. सगळंच निषिद्ध केलंत तर वाचकाला कुठल्याच गोष्टीची किंमत कळत नाही.

---

पानगळ

घड्याळाची कल्पना भन्नाट. कोरी_वही, नाही वापरली तर कळवा, मी उचलते.

---

तळटीप

अजून कोणी बोललं नाही म्हणून दुसऱ्या रकान्याबद्दल लिहितो. कादंबरी मराठीत आहे आणि मराठीकडे असं एक हत्यार आहे जे इंग्रजीत या कथा लिहिणाऱ्यांकडे नाही: तुम्ही आणि तू.

इंग्रजीत आडनावावरून नावावर येणं ही मोठी पायरी. तुमच्याकडे तीही आहे आणि वर ही. बहुतेक मराठी रूपांतरं हे वाया घालवतात. नायक दुसऱ्या भेटीत 'तू' म्हणतो, कारण वय जास्त, आणि ती शेवटपर्यंत 'तुम्ही'वर. तसं केलंत की नातं वाचकाच्या डोक्यात ताबडतोब जुन्या पद्धतीच्या नवरा-बायकोचं होतं आणि रीजन्सी कथेतली बरोबरीची चढाओढ संपते. दोघांनाही 'तुम्ही'वर ठेवा. पहिलं 'तू' चुंबनाइतकं महाग असू द्या; माझ्या मते ते चुंबनाच्या आधी दोन-तीन प्रकरणं यावं, भांडणात, चुकून, आणि तिच्या तोंडून. तो ते ऐकतो, काही बोलत नाही, पण पुढचं वाक्य त्याला जुळवता येत नाही.

मधल्या काळासाठी भाषेत एक चोरवाट आहे. 'तुम्ही' परकं वाटतं, 'तू' धाडसाचं, तेव्हा माणूस कर्ताच गाळतो. "चहा घ्यायचा का?" "उद्या निघायचं ठरलंय वाटतं." "इतक्या पावसात जायलाच हवं का?" चार-पाच प्रकरणं दोघं असंच बोलू लागली की काही न सांगता वाचकाला कळतं की इथे काहीतरी शिजतंय. मात्र निवेदकाने त्यावर बोट ठेवू नये. 'तिने संबोधन टाळलं' असं लिहिलंत की गंमत गेली.

बाकी शरीराच्या प्रतिक्रियांचा शोध घ्या, अक्षरशः सर्च मारून: 'धडधड', 'शहारा', 'श्वास रोखून', 'गाल आरक्त'. ९५,००० शब्दांत प्रत्येकी तीनपेक्षा जास्त वेळा आलं तर कापा. नवव्या प्रकरणातच काळीज धडधडलं तर एकतिसाव्यात काय करणार, बंद पडणार? त्या जागी लक्ष जाणं लिहा. सुरुवातीला ती त्याच्या बुटांचा चिखल बघते, मग हातातली शाई, मग शाई कोणत्या बोटाला लागली आहे ते. नजर जितकी बारीक होत जाईल तितकं प्रेम वाढलेलं वाचकाला दिसतं.

दृष्टिकोन कोणाचा? एकटीचा असेल तर वाचक त्याच्या वागण्यातून खुणा शोधत बसतो, आणि तो चाळा स्लो बर्नला फार मानवतो. दोघांचा आळीपाळीने असेल तर दोघांना एकाच वेळी साक्षात्कार होऊ देऊ नका. त्याला १४ व्या प्रकरणात, तिला २४ व्या. मधली दहा प्रकरणं वाचकाला एकाचं गुपित ठाऊक आणि दुसरीला पत्ता नाही. तुमचा गळतीचा पट्टा नेमका त्यातच येतो.

---

रातकिडा

थोडा विरोधी सूर. सगळ्यांनी स्पर्शाच्या शिडीवरच भर दिलाय. लग्न आधी आणि प्रेम मागून, हीसुद्धा स्लो बर्नच, आणि तिथे तिसरा रकाना पहिल्याच रात्री निकालात निघू शकतो. मग सावकाश काय चढतं? विश्वास. त्या काळात इंग्लंडात लग्न झालं की करारात वेगळं राखून न ठेवलेला बायकोचा पैसा नवऱ्याचा होई (१८७० आणि १८८२ च्या कायद्यांपर्यंत), आणि १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट म्हणजे संसदेत खास कायदा करून घ्यायचा. निवड चुकली तर परतीची वाट जवळपास नाहीच. वाट बघण्याची खरी गोडी मला इथे वाटते: बाईला माणूस पारखायला वेळ हवा, आणि कथा तो वेळ तिला देते.

तुमच्या नायिकेकडे घर नाही, पैसा नाही, आणि मागणी घालणारा तिच्याच घराचा मालक. तिने घाईने हो म्हटलं तर ती घरासाठी म्हणाली की त्याच्यासाठी, हे ना त्याला कळेल ना तिला. कादंबरीचा मुख्य अडथळा हा आहे. काका, प्रतिस्पर्धी वगैरे फुटकळ.

---

कोरी_वही

रकाने भरून पाहिले. प्रकरण १५, १६, १८ आणि १९ चारही रकान्यांत कोरी निघाली. चोरी जाते, काकांचा विरोध हुंड्याच्या रकमेवर येतो, यादीची प्रकरणं ७ पासून. रातकिडा यांचा मुद्दा धरून २१ मध्ये पहिली मागणी टाकते आहे, आणि 'घरासाठी हो म्हणणार नाही' म्हणून तिचा नकार.

अजून एक शंका. प्रकरण २६ मध्ये तो तिला प्रतिस्पर्ध्याबरोबर बघतो आणि गैरसमज करून घेतो, तो २९ पर्यंत टिकतो. हे चालेल?

---

शाईदौत

एका प्रश्नाने सुटत असेल तर नाही चालणार. "तो कोण होता?" एवढं विचारून गैरसमज मिटतो आणि तो विचारत नाही, मग वाचक पुस्तक आपटतो. विचारता न येण्याचं कारण द्या. २१ मध्ये तिने नकार दिलेला आहे, त्यामुळे असं विचारायचा हक्कच त्याला उरलेला नाही. हे कारण तुमच्या कथेत आयतं तयार आहे. तरी तीन प्रकरणं जास्त होतात. २६ मध्ये बघू द्या, २७ मध्ये तिला कळू द्या की त्याने बघितलं. स्पष्टीकरण द्यायला ती बांधील नाही, तरी २८ मध्ये ती ते देते. चौथ्या रकान्यात त्या ओळीला 'ती' लिहा.

---

तळटीप

आणि ते स्पष्टीकरण कर्ता गाळून. पहिलं 'तू' त्याच संभाषणाच्या शेवटी बसतंय का बघा.