कर्जे एकत्र करून देणारे ऑफिस विश्वासाचे आहे का, कसे ओळखायचे? (सोलापूर)

पूर्वभाग_टॉवेल
हिशेब असा: दोन क्रेडिट कार्डांवर १,२०,००० (महिना साडेतीन टक्के), कर्ज देणाऱ्या दोन ॲपचे मिळून ६०,०००, एका एनबीएफसीचे (बँक नसलेल्या कर्ज कंपनीचे) पर्सनल लोन १,८०,००० शिल्लक (१८ टक्के, १४,३५० चे १४ हप्ते), पतसंस्थेचे ४०,००० (१४ टक्के). महिन्याला ३१ हजार जातात आणि टॉवेलला उठाव नाही. सात रस्त्याजवळचे एक ऑफिस म्हणते, नोंदणीचे १५,००० आधी भरा, सगळे हप्ते थांबवा, सहा महिन्यांत निम्म्यात मिटवतो. सही केलेले दोन कोरे चेकही हवेत म्हणे. द्यावे का?

हिशेबनीस
देऊ नका. पाटी कन्सॉलिडेशनची असली तरी माल सेटलमेंटचा आहे. एकत्रीकरणात बँक किंवा एनबीएफसी नवे कर्ज देते, जुनी पूर्ण फिटतात आणि सिबिल रिपोर्टवर (कर्जफेडीच्या नोंदींवर) 'क्लोज्ड' येते. निम्म्यात मिटवले की 'सेटल्ड' शेरा पडतो. उद्या लूमसाठी कर्ज मागाल तेव्हा तोच आडवा येईल. आणि बँकेशी तडजोडीचे बोलणे कर्जदार स्वतः करू शकतो, त्याला १५ हजारांचा मध्यस्थ लागत नाही.

हप्ते थांबवण्याचा सल्ला तर सर्वांत घातक. नॅकचा, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा, हप्ता पैशाअभावी परत गेला की तुमची बँक आणि कर्ज देणारा, दोघेही दंड लावतात. शिवाय पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली चेक बाउन्ससारखाच खटला होऊ शकतो. तो खटला तुमच्यावर, ऑफिसवाल्यावर नाही.

पारख करायची तर एकच विचारा: पैसे नेमके कोण देणार? ॲपचे नाव नको, कंपनीचे नोंदणीकृत नाव घ्या आणि आरबीआयच्या संकेतस्थळावरच्या एनबीएफसी यादीत पाहा. तिथे कर्जाच्या ॲपचीही यादी आहे, पण ती माहिती कर्ज देणाऱ्या संस्थांनीच भरलेली असते. नाव आहे म्हणजे ॲप सज्जन, असे समजू नका. डिजिटल कर्जात मध्यस्थाचे कमिशन कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायचे असते, तुमच्याकडून घ्यायचे नसते. मग केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांना तो सक्तीचा आहे आणि त्यात फी धरून खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. 'आजच सही करा' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार.

चक्रवाढ
मुळात चारही कर्जे एकत्र कशाला? जे महाग आहे तेवढेच हलवा. पतसंस्थेचे १४ टक्के नव्या कर्जाइतकेच पडेल, राहू द्या. फक्त तो हप्ता चुकवू नका; पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवते आणि वसुली जामीनदाराच्या दारात जाते.

कार्डे आणि ॲप मिळून १,८०,०००. १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी हप्ता ६,१५२, एकूण व्याज साधारण ४१,५००. पाच वर्षे केली तर हप्ता ४,१८८ वर येतो, पण व्याज ७१ हजारांच्या पुढे जाते. ऑफिसवाले दाखवतात तो हा लहान हप्ता.

एनबीएफसीचे लोन मात्र नीट तपासा. करारात फोरक्लोजर, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड, ४ टक्के असेल तर ७,२०० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४९६. राहिलेल्या १४ हप्त्यांत व्याज उरलेय सुमारे २०,९००. तेच कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांवर नेले तर व्याज आणि दंड मिळून जवळजवळ ५० हजार. दर कमी होऊनही २९ हजार जास्त! हप्ता खरोखर झेपतच नसेल तरच तो मार्ग.

पूर्वभाग_टॉवेल
हे डोक्यात नव्हते. म्हणजे १,८०,००० चेच लोन मागू?

चक्रवाढ
थोडे जास्त. २ टक्के प्रोसेसिंग फी आणि जीएसटी मिळून ४,२४८ आधीच कापतात, हातात १,७५,७५२ येतात आणि एक कार्ड अर्धवट राहते. कार्डाचे बिल भरले तरी बिलानंतरच्या दिवसांचे व्याज पुढच्या बिलात येते, तेही धरा. विमा गळ्यात मारला आहे का, केएफएसमध्ये बघा.

हिशेबनीस
ॲपच्या कर्जांची फोरक्लोजर रक्कम लेखी घ्या. ती ठरावीक तारखेपर्यंतच चालते. दोन दिवस उशिरा भरले तर शंभर-दोनशे रुपये बाकी राहतात, खाते उघडेच राहते आणि त्यावर दंड चढत जातो. हप्त्याच्या तारखेला खेटून भरू नका, नाहीतर नॅकचा हप्ताही कापला जातो आणि परतावा मागत बसावे लागते. एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) हातात आल्यावर नॅक मँडेट रद्द करून घ्या, आणि पुढे फुकटचा वार्षिक सिबिल रिपोर्ट काढून 'क्लोज्ड' आले का पाहा. नसेल तर आधी कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार; ३० दिवसांत उत्तर नाही आले तर आरबीआय लोकपाल, चौकशीला १४४४८.

कार्डे फेडल्यावर निदान एक तरी बंद करा. लिमिट मोकळे दिसले की सूत उधारीने घ्यायला तेच कार्ड पुन्हा बाहेर निघते.